तुटते ते जोडापाशी : रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानांच्या तारांचा इतिहास

१/
संगणकामागचा किंवा दूरचित्रवाणी संचामागचा तारांचा जुडगा बहुधा एका दातेरी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला असतो. एकदा ओढली की ती मागे सरकत नाही. सोडवायची तर कापावीच लागते. या क्षुल्लक वाटणाऱ्या पट्टीची कल्पना विमानाच्या कारखान्यात सुचली आणि तिच्यामागे कामगारांच्या हातांना पडणारे घट्टे होते. आजचा धागा अशाच गाठींचा आणि जोडांचा आहे, आणि त्यांच्या भरवशावर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानांचा.

२/
रेडिओ-नियंत्रणाचा इतिहास सहसा व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, मायक्रोचिप अशा पायऱ्यांनी सांगितला जातो. त्यात एक प्रश्न राहून जातो. हे सगळे सुटे भाग इंजिनाच्या सततच्या थरथरीत एकमेकांना जोडलेले राहिले कसे? या विमानांची विश्वासार्हता यंत्रांच्या प्रगतीइतकीच तारा जोडण्याच्या कारागिरीने वाढली, असे माझे प्रतिपादन आहे. त्या कारागिरीचे सूत्र साधे आहे : जोड पक्का करावा आणि त्याच्यावर ताण येऊ देऊ नये.

३/
आधी हिशेब मांडू. चार सर्वो असलेले एक साधे विमान घ्या. (सर्वो म्हणजे पंखाची किंवा शेपटीची झडप हलवणारी छोटी मोटर.) प्रत्येक सर्वोच्या प्लगमध्ये तीन संपर्कबिंदू, म्हणजे येथेच बारा झाले. त्यात बॅटरीचा प्लग, चालू-बंद करण्याचा स्विच आणि आतल्या डाख दिलेल्या जागा मिळवा. बॅटरीकडून येणाऱ्या वाटेवरचा एकच बिंदू सुटला, तर बाकीचे सगळे शाबूत असूनही विमान बहिरे होते. घरातला रेडिओ खरखरला की आपण त्याला एक थाप मारतो. आकाशात थाप मारायला हात पोहोचत नाही.

४/
हा केवळ छंदातल्या नुकसानीचा प्रश्न नाही. डिसेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या शी स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात रेडिओ-नियंत्रित विमानांची प्रात्यक्षिके चालली होती. त्यांतले गवत कापण्याच्या यंत्राच्या आकाराचे एक मॉडेल प्रेक्षकांत कोसळले आणि एका तरुण प्रेक्षकाचा मृत्यू झाला. हातातून निसटलेले ‘खेळण्यातले’ विमान काय करू शकते, हे त्या दिवशी हजारो लोकांनी पाहिले. जोडाची काळजी ही म्हणूनच खाली उभ्या असलेल्या माणसांचीही काळजी असते.

५/
आता आरंभाकडे. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांनी चालणारी छोटी नाव दाखवली. ती पाण्यावर चालत होती आणि तिला विजेची मोटर होती. संपर्क क्षणभर तुटला तरी नाव फार तर जागीच रेंगाळणार. विमानाचे तसे नसते. स्फोटांनी चालणारे इंजिन त्याला क्षणोक्षणी हादरवते, आणि नियंत्रण सुटले की त्याला फक्त जमीन उरते.

६/
१९३७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलमाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओच्या आधारे उडवले. एकाला विमाने बांधण्याचा नाद, दुसऱ्याला हौशी रेडिओचा. दोन्ही छंद एका घरात नांदत होते. रेडिओ-नियंत्रित मॉडेलच्या पहिल्या यशस्वी उड्डाणांत ‘गफ’ची गणना होते, आणि ते आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्या काळचा संच म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह, जड बॅटऱ्या आणि हाताने डाख देऊन जोडलेल्या तारा.

७/
१९३८ साली रेथिऑन कंपनीने ‘आरके-६१’ हा चिमुकला व्हॉल्व्ह बाजारात आणला. मॉडेल विमानांचे रेडिओ-नियंत्रण हेच त्याचे अभिप्रेत काम होते. एका व्हॉल्व्हवर सगळा रिसीव्हर चालू लागला आणि वजन झपाट्याने उतरले. मात्र व्हॉल्व्हने पकडलेला संदेश पुढे रिलेकडे जाई. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढली जाणारी छोटी पट्टी. ती टेकली की मंडल पूर्ण होते, उचलली की तुटते. म्हणजे विमानाचे सुकाणू अखेर दोन धातूंच्या टेकण्यावर अवलंबून होते, आणि इंजिनाच्या थरथरीत ती पट्टी आपोआपही टेकू शकत होती.

८/
त्यावर छंदिष्टांनी शोधलेला उपाय घरगुती होता. रिसीव्हर लाकडी सांगाड्याला खिळवून न टाकता रबरी पट्ट्यांवर टांगायचा किंवा स्पंजात गुंडाळून ठेवायचा. थरथर विमानाच्या अंगाला होऊ द्यायची, रेडिओला नाही. रिसीव्हर फोममध्ये ठेवण्याची आजची पद्धत याच परंपरेतली. पण यातून एक नवी अडचण निघाली. रिसीव्हर झुलतो आणि विमान स्थिर असते, मग त्या दोहोंच्या मधल्या तारेचे काय? ती दर क्षणी वाकते. आणि सतत वाकणारी तार नेमकी कोठे तुटते?

९/
उत्तर डाखेत दडलेले आहे. सोल्डरिंग म्हणजे आपल्या तांबट-सोनारांच्या परिचयाचा डाख : वितळलेला मऊ धातू दोन कठीण धातूंमध्ये शिरवून त्यांना एकजीव करायचे. नीट तापलेला डाख सहसा चकचकीत दिसतो. अर्धवट तापलेला डाख निस्तेज, खडबडीत राहतो. वरून जोडल्यासारखा दिसतो आणि आतून केवळ चिकटलेला असतो. असा ‘थंड’ डाख टेबलावरच्या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि उड्डाणात दगा देतो.

१०/
चांगल्या डाखेतही एक खोच आहे. लवचीक तार बारीक तंतूंची बनलेली असते. वितळलेला डाख या तंतूंच्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा, वर चढतो. जेथवर तो चढला तेथवर तार काडीसारखी ताठ होते, त्यापुढे ती पूर्ववत मऊ राहते. ताठ भाग जेथे संपतो तेथेच सगळे वाकणे एकवटते आणि तंतू एकेक करून तुटू लागतात. जोड शाबूत राहतो, तार त्याच्या उंबरठ्यावर तुटते. म्हणून जोड आणखी जाड केल्याने विमान वाचत नाही. जोडाशेजारच्या तारेला आधार द्यावा लागतो.

११/
हीच अडचण मोठ्या विमानांपुढेही होती. दुसऱ्या महायुद्धात हजारो विमाने आणि जहाजे झपाट्याने बांधायची होती आणि प्रत्येकात तारांचे जाळे होते. १९४१ साली यू. ए. व्हिटेकर यांनी अमेरिकेत एक कंपनी स्थापन केली. तिचे नावच ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’. पुढे ती ‘एएमपी’ या आद्याक्षरांनी ओळखली गेली. डाखेविना जोड हे तिचे वैशिष्ट्य. तारेच्या टोकावर धातूची नळी बसवायची आणि साच्याच्या हत्याराने ती इतकी दाबायची की नळी आणि तंतू एकमेकांत रुतून बसावेत. यालाच क्रिम्पिंग म्हणतात.

१२/
क्रिम्पिंगने दोन गोष्टी बदलल्या. पहिली तांत्रिक : उष्णता नाही, म्हणून डाख वर चढण्याचा प्रश्न नाही, आणि तार टोकापर्यंत लवचीक राहते. दुसरी सामाजिक : चांगला डाख देणे वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, पण योग्य मापाचे हत्यार हाती दिले तर क्रिम्पिंग थोड्या प्रशिक्षणात जमते. कौशल्याचा मोठा भाग कारागिराच्या मनगटातून हत्याराच्या साच्यात गेला. युद्धकाळात नव्याने भरती झालेल्या कामगारांसाठी हे फार मोठे परिवर्तन होते.

१३/
याच युद्धाने छंदालाही कारखान्यात नेले. हॉलिवूडमध्ये काम करणारे ब्रिटिश अभिनेते रेजिनाल्ड डेनी यांना मॉडेल विमानांचा नाद होता आणि त्यांचे त्याच वस्तूंचे दुकानही होते. त्यांच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीने तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओ-नियंत्रित लक्ष्यविमाने बनवली. युद्धकाळात त्यांची संख्या सुमारे १५,००० झाली. कॅलिफोर्नियातील या कारखान्यात नॉर्मा जीन नावाची तरुणी कामाला होती. युद्धाच्या अखेरच्या काळात लष्करी छायाचित्रकाराने तेथे तिची छायाचित्रे टिपली. पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागले.

१४/
टोके जोडून झाली तरी तारांचा जुडगा मोकळा लोंबकळत असेल तर काम अपुरेच. तार आणि टेलिफोन यांच्या जमान्यापासून तारायंत्री मेणवलेल्या दोऱ्याने जुडगे बांधत आले होते : ठरावीक अंतरावर एक गाठ, पुन्हा दोरा पुढे, पुन्हा गाठ. गजरा ओवण्याइतकेच हे लयीचे काम. विमानाच्या कारखान्यांनी ही पद्धत उचलली. गाठ सैल पडली तर तारा घासतात. फार आवळली तर वेष्टणात रुतते. हे तारतम्य बोटांनीच शिकायचे. अंतराळयानांत आजही अशा दोऱ्याच्या गाठी आढळतात.

१५/
१९५६ साली थॉमस अँड बेट्स कंपनीचे मॉरस लोगन बोइंगच्या कारखान्यात गेले असता त्यांनी हे काम पाहिले. शेकडो गाठी बांधताना दोरा ओढून ओढून कामगारांच्या हातांना घट्टे पडत होते. त्या दृश्यातून ‘टाय-रॅप’ जन्मली आणि १९५८ साली ती जगापुढे आली. पट्टीच्या डोक्यातला एक बारीक दात तिला मागे सरकू देत नसे. धाग्याच्या आरंभी उल्लेखलेली पट्टी ती हीच. विमानातून ती कार्यशाळेत, तेथून घरात आणि अर्थातच मॉडेल विमानात आली.

१६/
याच सुमारास, १९५७ साली, पॉल कुक यांनी कॅलिफोर्नियात पुढे ‘रेकेम’ म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी काढली. प्लॅस्टिकवर किरणोत्सर्गाचा मारा केला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. असे प्लॅस्टिक तापवून ताणले आणि ताणलेलेच थंड केले, तर पुन्हा तापवल्यावर ते मूळ आकाराकडे परतते. यातून उष्णतेने आक्रसणाऱ्या नळ्या तयार झाल्या. जोडावर नळी सरकवा आणि गरम हवा द्या. ती जोडाला आणि शेजारच्या तारेला एकत्र कवटाळते. दहाव्या टिपणातल्या उंबरठ्याला अखेर आधार मिळाला.

१७/
आता पुन्हा छोट्या विमानांकडे. १९५० च्या दशकात ‘रीड’ संच प्रचलित झाले. पेटीत वेगवेगळ्या सुरांच्या पत्त्या असतात, तशा रिसीव्हरमध्ये धातूच्या पत्त्या असत. जमिनीवरून जो सूर पाठवला जाई, तीच पत्ती थरथरे आणि संपर्काला टेके. सुरांची संख्या वाढली तशा तारा वाढल्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांसारख्या अभियंत्यांनी अंकीय प्रमाणबद्ध नियंत्रण साकारले : हातातली दांडी जितकी हलेल, त्या प्रमाणात विमानाची झडप हलेल.

१८/
या प्रगतीने जोडाचे स्वरूपच पालटले. संच महाग होता, त्यामुळे एकच संच आज या विमानात आणि उद्या त्या विमानात बसवला जाई. कायमचा डाख येथे चालेना. हवा होता प्लग. प्लगकडून आपण परस्परविरोधी अपेक्षा करतो : उडताना त्याने सुटू नये आणि उतरल्यावर सहज सुटावे. ज्या गुणामुळे तो सोयीचा, त्याच गुणामुळे तो धोक्याचा.

१९/
आजच्या तीन तारांच्या सर्वो-प्लगची रचना पाहा. दोन पिनांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. एक तार ऋण, एक धन, एक संदेशाची. आणि प्रचलित रचनेत धन तार मधोमध. प्लग उलटा बसला तरी मधली तार मधेच राहते, त्यामुळे सर्वोला उलटा विद्युतदाब मिळत नाही. तो फक्त चालत नाही. फुताबा कंपनीच्या प्लगला तर बाजूला एक छोटी कडाही असते, जेणेकरून तो उलटा बसूच नये. माणूस घाईत चुकणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

२०/
तरीही प्लगचा एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. कंपनामुळे पिन आणि तिचे घर एकमेकांवर काही सहस्रांश मिलिमीटर घासत राहतात. कथिलाचा मुलामा असेल तर प्रत्येक घर्षणाला ताजा धातू उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड चढते, ते खरडले जाते आणि तिथेच साचते. हळूहळू संपर्कबिंदूवर विद्युतरोधक भुकटीचा थर बसतो. प्लग घट्ट दिसतो, पण वीज अडखळते. सोने हवेत गंजत नाही, म्हणून चांगल्या पिनांना सोन्याचा पातळ मुलामा देतात.

२१/
या सगळ्या अनुभवातून छंदिष्टांची एक आचारसंहिता घडली. प्लगवर क्लिप लावा, नाहीतर आक्रसणारी नळी चढवा. काहीच नसेल तर दात साफ करण्याच्या मेणवलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजू बांधा. (तारायंत्र्यांचा मेणवलेला दोरा असा पुन्हा परतला!) प्लगच्या थोडे अलीकडे तार सांगाड्याला बांधा, पण प्लगपाशी तिला किंचित ढील ठेवा. लाकडी फळीच्या भोकातून तार जात असेल तर भोकाला रबरी कडी बसवा. आणि उड्डाणापूर्वी प्रत्येक तार हलकेच हलवून झडपांकडे पाहा.

२२/
विजेच्या मोटरींवर उडणाऱ्या विमानांनी आणखी एक परिमाण जोडले : प्रवाह. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० अँपिअरचा प्रवाह आणि जोडाचा रोध एक सहस्रांश ओहम असेल, तर उष्णता २.५ वॅट. रोध दसपट झाला तर २५ वॅट, म्हणजे छोट्या सोल्डरिंगच्या इस्त्रीइतकी. तो जोड स्वतःचाच डाख वितळवू शकतो. पुष्कळ विमानांत मोटर आणि रिसीव्हर एकाच बॅटरीवर चालतात. तेथे हा जोड गेला की पंखा आणि नियंत्रण दोन्ही एकदमच जातात.

२३/
या परंपरेचा कस ऑगस्ट २००३ मध्ये लागला. ७७ वर्षांचे मेनार्ड हिल यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती बहुतांशी गेली होती. त्यांनी बाल्सा लाकडाचे, पाच किलोंहून कमी वजनाचे विमान कॅनडातील न्यूफाउंडलंडहून सोडले. उपग्रहांच्या संकेतांवर दिशा राखत ते अटलांटिक ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले : ३८ तास ५२ मिनिटे, सुमारे ३,०३० किलोमीटर. त्याआधी पाठवलेली विमाने पोहोचली नव्हती. इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्या धरल्या, तर ९३ लाखांहून अधिक फेऱ्यांची थरथर त्यातल्या प्रत्येक जोडाने सोसली. योगायोग असा की, हिल ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत काम करत, तेथेच ‘गफ’वाले वॉल्टर गुडही होते.

२४/
आणि मोठी विमाने? तेथे तारा एकदा बसवल्या की विसरून जाण्याची वृत्ती दीर्घकाळ टिकली. १९९६ साली टीडब्ल्यूए ८०० या विमानाच्या इंधनटाकीत स्फोट होऊन २३० जण दगावले. तपासात टाकीबाहेरील तारांतले शॉर्टसर्किट हे ठिणगीचे सर्वाधिक संभाव्य कारण मानले गेले. १९९८ साली स्विसएअर १११ मध्ये तारांतील ठिणगीपासून आग लागली असावी असा निष्कर्ष निघाला. त्यात २२९ जण गेले. २००७ साली अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने नियम बदलले आणि तारांचे जाळे ही इंजिनासारखीच स्वतंत्र तपासणी मागणारी एक प्रणाली मानली. मैदानावरचा छंदिष्ट प्रत्येक उड्डाणापूर्वी तारा हलवून पाहत आला होता. त्याच दक्षतेला नियमाचे रूप मिळायला ४५९ माणसांचा बळी जावा लागला.

२५/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून यातून काय घ्यावे? शोधाला तारीख असते, शोधकाला नाव असते, पेटंटला क्रमांक असतो. देखभालीला यांतले काहीच नसते. लोगन यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, पण ज्यांच्या हातांच्या घट्ट्यांनी त्यांना विचार करायला लावले, त्या कामगारांची नावे या कथेत कोठेच येत नाहीत. त्यांचे दस्तऐवज म्हणजे त्यांनी बांधलेल्या गाठी. संग्रहालयातील वस्तूंकडे पाहताना म्हणूनच चकचकीत दर्शनी भागापाशी थांबू नये. झाकणाआडच्या तारा कशा बांधल्या आहेत तेही वाचावे.

२६/
आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत छात्रांना एअरोमॉडेलिंग शिकवले जाते, आणि ड्रोन तर आता शेतापासून लग्नमंडपापर्यंत दिसतात. तुमच्यापैकी कोणी असे काही उडवत असेल, तर पुढच्या उड्डाणापूर्वी झाकण उघडा आणि प्रत्येक जोडाला दोन प्रश्न विचारा : तू पक्का आहेस का? आणि तुझ्यावर ताण तर येत नाही ना? तुम्हाला सापडलेल्या जुन्या गाठी, जुने प्लग, वडीलधाऱ्यांनी शिकवलेल्या डाखेच्या युक्त्या खाली जरूर लिहा. तोही इतिहासच आहे, आणि तो अजून फारसा कोणी नोंदवलेला नाही.